आवाज येतोय, पण आत्ता नाही

'आवाज येतोय.' आमच्या गॅरेजच्या जॉब कार्डांवर, म्हणजे गाडी घेताना तक्रार लिहून घ्यायच्या कार्डांवर, सगळ्यात जास्त वेळा लिहिलं गेलेलं वाक्य हेच असेल. कसला आवाज, कुठून, कधी, हे गाडीवाल्याला नीट सांगता येत नाही, आणि त्याच्याकडून तशी अपेक्षा ठेवणंही बरोबर नाही. मग मी विचारत जाते. सकाळी पहिल्यांदा गाडी काढता तेव्हा येतो, की इंजिन गरम झाल्यावर? ब्रेक दाबला की वाढतो, की बंद होतो? स्पीड ब्रेकरवर खडखड असेल तर बहुधा लिंक रॉड, नाहीतर बुश. स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टकटक असेल तर ॲक्सलचा जॉइंट. साठच्या पुढे घूं घूं आणि डावीकडे वळताना ती वाढत असेल तर आधी उजव्या चाकाचं बेअरिंग बघायचं, कारण वळताना गाडीचा भार बाहेरच्या चाकावर जातो. मागच्या सीटवर लहान मुलं असतील तर त्यांना जरूर विचारावं. मोठी माणसं आवाजाचं वर्णन करतात, मुलं तो काढून दाखवतात.

मग आमचे मेकॅनिक, ज्यांना सगळे उस्ताद म्हणतात, गाडीवाल्यांना शेजारी बसवून ट्रायलला निघतात. इंदूरच्या नवलखा चौकातून भंवरकुआंपर्यंत, येताना मुद्दाम खड्ड्यांच्या गल्लीतून. आणि नेमका तेव्हाच आवाज येत नाही.

"अहो, घरून निघालो तेव्हा येत होता!" किंवा "भिया, कसम से, अभी आ रही थी." अर्ध्या तासापूर्वी हसत चावी देणारा माणूस परत येतो तो चढ्या आवाजातच. कारण सरळ आहे. आपल्याला खोटं पाडलं जातंय असं त्याला वाटतं. अशा वेळी 'कुछ नहीं है साहब, चलाओ' म्हणणारी गॅरेजं कमी नाहीत, आणि तेच ऐकून आलेली माणसं आमच्याकडे येताना भांडणाच्या तयारीनेच येतात. आम्ही त्यांना सांगतो, आवाज आहे, आम्हाला अजून सापडलेला नाही. गाडी रात्रभर राहू द्या, सकाळी थंड इंजिनवर बघू. पुष्कळ आवाज फक्त थंड गाडीतच येतात. आणि कार्डावर मी त्यांचेच शब्द लिहिते. 'रिव्हर्स घेताना कोणीतरी कण्हतंय' असं कोणी म्हणालं तर तसंच. आमच्या भाषेत त्याचं 'सस्पेन्शन नॉइज' केलं की अर्धी माहिती तिथेच गळते, आणि सांगणाऱ्यालाही वाटतं की आपलं ऐकलंच नाही.

गॅरेज सासऱ्यांचं. आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो. ॲम्बेसेडर आणि प्रीमियर पद्मिनीच्या काळात त्यांनी ते सुरू केलं. काउंटर माझ्याकडे, म्हणजे गाडी घेणं, एस्टिमेट, फोन, बिल आणि भांडणं. अण्णा सांगतात, भांडणं तेव्हाही होती, पण त्यांचा विषय वेगळा असायचा. बॉनेट उघडलं की सगळं समोर दिसायचं. कार्ब्युरेटर, डिस्ट्रिब्यूटर, फॅन बेल्ट. गाडीवाला स्वतः टॉर्च धरून शेजारी उभा राहायचा. पॉइंट घासून, प्लग साफ करून घरच्या घरी गाडी चालू करणारे कितीतरी होते. मेकॅनिकने काय केलं ते त्यांना कळायचं आणि काय केलं नाही तेही कळायचं. २००० च्या आसपास प्रदूषणाचे भारत स्टेजचे नियम आले, कार्ब्युरेटर जाऊन इंजेक्शन आलं, आणि १ एप्रिल २०२० पासून त्याच नियमांचा सहावा टप्पा, बीएस-६. आता बॉनेट उघडलं की वर काळं प्लास्टिकचं झाकण. खालच्या सेन्सरांचं म्हणणं ऐकायला स्कॅनर लावावा लागतो. स्क्रीनवर एक कोड येतो आणि आम्ही तो वाचून सांगतो की ऑक्सिजन सेन्सर गेलाय, इतके हजार लागतील. गाडीवाल्याने ते का म्हणून मानावं? त्याला काही दिसलेलं नाही. पैसे त्याचे जाणार आणि खरंखोटं करण्याचं साधन त्याच्याकडे काहीच नाही. ज्यांना गॅरेजमध्ये 'त्रासदायक गिऱ्हाईक' म्हणतात त्यांचा बहुतेक राग इथून येतो. मला तो रास्त वाटतो.

आमच्याकडे एक निवृत्त बँक अधिकारी येतात. गाडी देताना चारी बाजूंनी फोटो काढतात, किलोमीटर आणि पेट्रोलचा काटा माझ्यादेखत वहीत लिहून घेतात, स्टेपनीवर खडूने खूण करतात. बिलातल्या प्रत्येक ओळीला बोट लावून विचारतात. पोरं त्यांना लांबून बघूनच एकमेकांकडे बघायला लागतात. मला मात्र असं एक तरी गिऱ्हाईक रोज यावंसं वाटतं, कारण ते आले की सगळं गॅरेज नीट काम करतं. मागे एकदा त्यांनी विचारलं, "पॅड खरंच गेले होते का?" मी काउंटरवर वर्तमानपत्र पसरलं आणि दोन ब्रेक पॅड शेजारी शेजारी ठेवले, त्यांच्या गाडीतून निघालेला आणि खोक्यातला नवा. नव्याचं मटेरियल साधारण दहा मिलिमीटर जाड होतं, जुन्याचं जेमतेम दोन. त्या पॅडच्या कडेला एक पातळ पत्री असते. मटेरियल संपत आलं की ती डिस्कला घासते आणि किंचाळते. गाडीवाल्याला कळावं म्हणून बनवणाऱ्यांनी ती मुद्दामच तशी बसवलेली असते. त्यांनी चष्मा वर केला, जुन्या पॅडची कड नखाने चाचपली, पत्रीचं टोक घासून चकचकीत झालेलं बघितलं. "म्हणजे महिनाभर जी कुईकुई चालली होती, ती ही," म्हणाले आणि पाकीट काढलं. सगळं मिळून दहा मिनिटं.

तेव्हापासून नाही, आधीपासूनच आमच्याकडे निघालेला प्रत्येक पार्ट पिशवीत घालून डिकीत ठेवला जातो. 'कचरा कशाला देताय' म्हणणारेही असतात. त्यांचा टाकून देतो, पण दाखवून मगच.

बिलावरून होणारी बाकीची भांडणं मला तितकी खोल वाटत नाहीत. 'बिना बिल के कितना?' हा प्रश्न रोजचा. पार्टवर आणि मजुरीवर जीएसटी लागतो. पार्टचा बहुतेक ठिकाणी २८ टक्के होता, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ वर आला, तरी प्रश्न आहेच. आम्ही कच्चं बिल देत नाही. वॉरंटीत पार्ट बदलून घ्यायचा तर दुकानदार पक्कं बिलच मागतो, आणि सहा महिन्यांनी तेच गिऱ्हाईक 'तुम्हीच तर बसवला होता' म्हणत उभं राहतं.

खरी कसोटी लागते ती गाडीत बिघाड नसताना त्रास असेल तेव्हा. एक गृहस्थ आहेत, मोठी डिझेल गाडी, बीएस-६. घर पलासियाला, दुकान तिथून चार पावलांवर, मुलांची शाळाही जवळच. डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला, गाडीचा पिकअप गेला. "पिछले महीने ही सर्विस कराई है आपके यहाँ!" त्यांचा आवाज आमच्या शेजारच्या पंक्चरवाल्यापर्यंत गेला असेल. दिवा होता डीपीएफचा. बीएस-६ डिझेल गाडीच्या सायलेन्सरच्या मार्गात एक जाळी असते, ती काजळी अडवून ठेवते. अडकलेली काजळी जाळायला तिथे सहाशे डिग्रीच्या आसपास उष्णता लागते, आणि ती मिळायला गाडी एका वेगाने वीसेक मिनिटं मोकळ्या रस्त्यावर पळावी लागते. सिग्नल ते सिग्नल चालणाऱ्या गाडीत जाळी भरत जाते आणि रिकामी होतच नाही. मी त्यांना कागदावर चित्र काढून दाखवलं. ते गप्प बसून ऐकत होते. मग म्हणाले, "ये बात गाड़ी बेचते समय किसी ने क्यों नहीं बताई?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं आणि आजही नाही. रोज पाच किलोमीटर चालवणाऱ्या माणसाला ती गाडी विकणाऱ्याने त्याला हा एक प्रश्न विचारायला हवा होता, 'दिवसाला किती फिरता?' तो विचारला गेला नाही आणि त्याची वसुली माझ्या काउंटरवर झाली. ते ओरडले ते चुकीच्या ठिकाणी, पण त्यांची तक्रार खोटी नव्हती. उस्तादांनी त्यांना बरोबर घेऊन गाडी बायपासला काढली, देवासच्या बाजूने नेऊन आणली, दिवा गेला. आता दर रविवारी ते कुटुंबाला घेऊन लांब जाऊन येतात.

ॲव्हरेजच्या तक्रारीचंही तेच. २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल पंपावर आलं तेव्हापासून 'सर्व्हिसिंगनंतर गाडी ॲव्हरेज देत नाही' हे वाक्य वाढलं. लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, तेव्हा थोडा फरक पडणारच. तो आमच्या पान्याने भरून निघणारा नाही, हे मी स्पष्ट सांगते. पण आधी एअर फिल्टर, टायरची हवा आणि ब्रेक धरून राहतोय का, एवढं बघूनच. न बघता पेट्रोलकडे बोट दाखवलं तर ती पळवाट होते.

पावसाळ्यात मात्र चित्र दुःखाचं असतं. तासभर जोरात झोडपलं की शहरातल्या सखल चौकांत गुडघाभर पाणी होतं, गाडी मध्येच बंद पडते आणि घाबरलेला माणूस पुन्हा पुन्हा स्टार्टर मारत राहतो. हवेच्या वाटेने सिलिंडरमध्ये पाणी गेलेलं असतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही, मग आतला कनेक्टिंग रॉड वाकतो. पुढे विमा कंपनीकडून कळतं की इंजिनाचं वेगळं कव्हर घेतलेलं नाही, साध्या पॉलिसीत हे बसत नाही. असा माणूस आमच्यावर ओरडतो तेव्हा मला राग येत नाही. खुर्ची देते, पाणी देते, आणि एस्टिमेट दोन भागांत करते. आधी फक्त इंजिन उघडून बघण्याचे पैसे, पुढचं आत काय निघतं ते बघून. जे अजून दिसलं नाही त्याचा आकडा सांगायचा नाही, हे अण्णांचं. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा चालू करू नका, टोचन करून आणा, हे मी वाचणाऱ्या प्रत्येकाला हात जोडून सांगते.

"किसी जेंट्स को बुलाइए." हेही ऐकावं लागतं. सुरुवातीला मी उस्तादांना हाक मारायची. ते हातातला पाना तसाच धरून यायचे, ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "मैडम ने जो बोला, वही है." त्यांनी हे इतक्या वेळा आणि इतक्या शांतपणे म्हटलं की आता मी हाक मारत नाही. याच्या उलट प्रकार मला जास्त लागतो. बाई स्वतः गाडी चालवत येते, तक्रार तिला नेमकी माहीत असते, आणि फोनवर तिचा नवरा किंवा भाऊ स्पीकरवरून मला झापत असतो. मी फोनला थोडक्यात उत्तर देते आणि बोलते तिच्याशी. गाडी ती चालवते.

आणि आता आपली माणसं. इंदूरच्या मराठी वस्तीत सगळे सगळ्यांना ओळखतात. लोकमान्य नगरातले, रामबागेतले, राजेंद्र नगरातले, कुणी अण्णांबरोबर गणपती मंडळात होते, कुणाच्या मुंजीत आम्ही जेवून आलो. त्यांच्यातलं कुणी कधी ओरडत नाही. "सूनबाई, काय म्हणतेस? अण्णांची तब्येत कशी?" इथपासून सुरुवात. चहा होतो. काम काय ते सांगताना 'तू आपल्या घरचीच गाडी समजून बघ'. एस्टिमेट द्यायला कागद काढला की हात आडवा, "अगं, आपल्यात कसलं एस्टिमेट?" आणि संध्याकाळी बिल बघून चेहरा पडतो. बोलत काहीच नाहीत. "बरं, बाकीचं बघू नंतर," म्हणून निम्मे पैसे ठेवून जातात, आणि आठ दिवसांनी कुठल्याशा लग्नात तिसऱ्याच बाईकडून मला कळतं की 'ओळखीत जास्तच लावतात हो ते'. ओरडणाऱ्याला पॅड दाखवता येतो. न बोलणाऱ्याला काय दाखवणार? यावर मी खूप विचार केला आणि ठरवलं की ओळखीच्या माणसाला एस्टिमेट आधी, चहा नंतर. काकांनी हात आडवा केला तरी मी सांगते, "काका, आपल्यात आहे म्हणूनच लिहून देतेय." एकदोघांना ते लागलं, माझ्या सासूबाईंपर्यंत तक्रार गेली. सासूबाई म्हणाल्या, बरोबर केलंस.

ही मंडळी पुण्याला नाहीतर नाशिकला लग्नकार्याला निघायच्या आदल्या दिवशी गाडी आणतात. सेंधव्यावरून बिजासन घाट उतरून धुळ्याकडे जायचं, माझं माहेरच त्या रस्त्यावरचं, तेव्हा घाट मला माहीत आहे. ब्रेकचं तेल हवेतला ओलावा ओढून घेतं, म्हणून दोनेक वर्षांनी बदलावं लागतं. तेलात पाणी मुरलं असेल तर लांब उतारावर ब्रेक तापून तेलाला वाफ धरते आणि पेडल एकदम मऊ पडतं. हे सांगितलं की 'आल्यावर करू' असं उत्तर मिळतं. मग मी कार्डावर 'सांगितले, नकार' असं लिहून सही मागते. सहीसाठी पेन हातात घेतल्यावर पुष्कळजण थांबतात आणि म्हणतात, बरं, करूनच टाक. कुणाला हे दडपण वाटत असेल तर वाटू दे. इथे मी हटत नाही.

पैसे न देता गाडी मागणारे थोडे, पण असतात. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम १७० नुसार ज्याने वस्तूवर मेहनत आणि कौशल्य खर्च केलं त्याला मजुरी मिळेपर्यंत ती वस्तू ठेवून घेता येते. कायद्यातच उदाहरण दिलंय ते पैलू पाडायला दिलेल्या हिऱ्याचं. त्याच कायद्यात हेही आहे की ताब्यात आलेल्या वस्तूची काळजी समजूतदार माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तशी घ्यायची. म्हणून गाडी घेताना जुने ओरखडे आम्ही कार्डावरच्या चित्रात खुणांनी दाखवतो, दोघांच्या सहीने. आणि 'कंझ्युमर फोरम में जाऊँगा' म्हणणाऱ्याला मी खरोखर सांगते, जिल्हा ग्राहक आयोगात जा, २०१९ चा कायदा आहे, पाच लाखांपर्यंतच्या रकमेला तक्रारीचं शुल्कही नाही. जॉब कार्डाची आणि बिलाची प्रत लागेल, ती मी देते. तो त्याचा हक्कच आहे. गूगलवर एक तारा देण्याची धमकी मात्र मला आवडत नाही, कारण तिच्यात बिघाड काय होता याचा पत्ताच नसतो.

एवढं सगळं ऐकून घेते म्हणून कुणी काहीही बोलावं असं नाही. बंपरवर बोटभर ओरखडा दिसला म्हणून एकाने आमच्या वॉशिंगच्या पोराला आईवरून शिवी दिली आणि कॉलर धरली. तो ओरखडा कार्डावर, गाडीवाल्याच्या सहीखाली, आधीपासून होता. अण्णा आत बसले होते. ते उठून आले, पोराला मागे घेतलं, बिलाचा कागद माझ्या हातातून घेऊन फाडला आणि चावी त्या माणसाच्या हातात ठेवली. "पैसे नहीं चाहिए. दोबारा मत आना." मी नंतर म्हटलं, अण्णा, क्लचचं काम होतं, पार्टचे पैसे आपण दिलेत. ते म्हणाले, "ते पोरगं उद्या कामावर येईल की नाही, ते आधी बघ." ते आलं. आज ते स्कॅनर चालवतं.

त्यानंतर काउंटरच्या मागे काही पाटी लावलेली नाही. पण पोरांना माहीत आहे की कामावरून प्रश्न आला तर उत्तर द्यायचं, आणि शिवी आली तर हातातलं काम ठेवून माझ्याकडे यायचं. पुढचं मी बघते.

गाडी कुठेही टाका, पण आधी दुसऱ्या कुणी उघडली असेल तर ते लपवू नका, आमचा अर्धा दिवस त्यात जातो. जुने पार्ट मागा. एस्टिमेट लिहून मागा, ओळख असली तरी, असली तर जास्तच. सात वाजता मिळेल म्हणाले आणि साडेसहापर्यंत फोन आला नाही तर चिडा, तो फोन आधी आमच्याकडून यायला हवा. राग आला तर माझ्याशी बोला, जॅकखाली झोपलेल्या पोराशी नको. मी सकाळी दहापासून काउंटरवर असते.